वेल्डिंग मशीन आणताय? आधी त्याची लाईन ओढा



कारखान्याचे गाळप थांबले की कारखान्यात दुरुस्तीचा हंगाम सुरू होतो, तसाच तो आपल्या वस्त्यांवरही सुरू होतो. ट्रॉलीच्या फाळक्याच्या बिजागऱ्या तुटलेल्या असतात, हूक झिजून पातळ झालेला असतो, रोटाव्हेटरच्या पत्र्याला चीर गेलेली असते. पूर्वी यासाठी गावातल्या वर्कशॉपपुढे ट्रॉली लावून दोन-दोन दिवस नंबरची वाट पाहावी लागे. आता इन्व्हर्टरचे वेल्डिंग मशीन एका हाताने उचलता येईल इतके हलके झाले आहे, आणि घरातला पोरगा आय.टी.आय. करून आला की ते शेडमध्ये येतेच. चांगले आहे. मशीन घेण्याला आमचा विरोध नाही. विरोध आहे तो ते घरी आले त्याच दिवशी, खोके फोडून, ज्या तऱ्हेने चालू केले जाते त्याला.

ही तऱ्हा सर्वांना ठाऊक आहे. माजघरातल्या पॉवर प्लगमध्ये पिन खुपसायची, तिथून बाजेखालून, दारातून, गोठ्याच्या पत्र्यावरून मिळेल ती वायर शेडपर्यंत न्यायची आणि मधले सांधे चिकटपट्टीने गुंडाळायचे. नाहीतर सरळ मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीत दोन टोके अडकवायची. फ्यूज उडाला तर जाड तार बांधायची. कोणी हटकले तर उत्तर तयार, "चालतंय की! आजवर काय झालंय का?"

का चालते आणि कुठवर चालते, याचा हिशेब उसाच्या वजनाच्या पावतीइतकाच सरळ आहे. दहा गेजचा, म्हणजे 3.15 मि.मी.चा रॉड आपण 110 अँपिअरच्या आसपास चालवतो. त्या वेळी आर्कवर 24-25 व्होल्ट असतात. गुणाकार केला तर 2,700 वॅट होतात, आणि मशीनची स्वतःची तूट धरली तर मीटरकडून सुमारे 3,300 वॅट घ्यावे लागतात. त्याला 230 ने भागले की 14 अँपिअर. "मग सोळाच्या पिनेत बसलं की!" असे कोणी म्हणेल. पण साध्या इन्व्हर्टर मशीनचा पॉवर फॅक्टर 0.7 च्या घरात असतो, त्यामुळे वायरीतून प्रत्यक्ष वाहतात ते 20 अँपिअर. हूक किंवा ड्रॉबारसाठी आठ गेजचा रॉड 160 वर लावला, तर हाच आकडा तिसाच्या पुढे जातो. शिवाय संध्याकाळी व्होल्टेज उतरले की पाण्याची मोटार मंदावते, पण इन्व्हर्टर मशीन तेवढेच काम काढण्यासाठी उलट जास्त करंट ओढते. सोळाचे सॉकेट आणि त्यामागची अडीच चौरस मि.मी.ची वायर यासाठी केलेलीच नाही. रॉड बदलताना मशीनला जो विसावा मिळतो त्याच्या जिवावर ती तग धरते, आणि एक दिवस भिंतीतला प्लग तपकिरी पडून वास येऊ लागतो. तोवर फ्यूजला जाड तार बांधलेली असेल, तर फ्यूजचे काम घरातली वायर करते. शेडमध्ये पाचट रचलेले असेल तर पुढचे सांगायला नको.

अंतराचा हिशेब तर बहुतेक जण करतच नाहीत. मीटरपासून शेड 40 मीटर असेल तर करंटला जाऊन-येऊन 80 मीटर प्रवास पडतो. अडीचच्या तांब्याच्या वायरीतून 25 अँपिअर नेले तर वाटेतच 15 व्होल्ट गळतात आणि पावणेचारशे वॅट नुसती वायर तापवण्यात जातात. सहा चौरस मि.मी.ची वायर टाकली तर गळती सहा व्होल्टवर येते. "मशीनच खराब लागलं, रॉड चिकटतोय," अशी तक्रार घेऊन दुकानदाराशी भांडणाऱ्यांनी आधी आपल्या वायरीची जाडी बघावी.

म्हणून आमचे सांगणे असे की मशीनला स्वतःची, दुसऱ्या कशाचाही भार नसलेली लाईन थेट मीटरजवळच्या मुख्य बोर्डापासून असावी. तांब्याची सहा चौरस मि.मी. केबल, किंवा अॅल्युमिनियमची घ्यायची तर दहाची; दोन्हींचा विरोध जवळजवळ सारखाच पडतो. बोर्डावर तिचा वेगळा 32 अँपिअरचा एम.सी.बी. असावा, आणि शेडमध्ये घरगुती प्लगऐवजी कारखान्यात वापरतात तसे 32 अँपिअरचे इंडस्ट्रियल सॉकेट. केबल जमिनीखालून न्यायची असेल तर आर्मर्ड घ्यावी आणि किमान अडीच फूट खोल पुरून वर विटा अंथराव्यात, नाहीतर पुढच्या पाळीला नांगराचा फाळच ती शोधून काढील. खांबावरून मीटरपर्यंत आलेली सर्व्हिस वायर हा भार सोसेल का, हेही पाहून घ्यावे, आणि मंजूर भार वाढवण्याचा अर्ज द्यावा. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. कायद्यानेही तेच बंधन आहे. जुने तेलाचे मशीन स्वस्तात मिळते म्हणून काही जण उचलून आणतात. ते दोन फेजवर चालणारे असते, त्यामुळे घरच्या सिंगल फेजवर त्याचा उपयोग नाही आणि मग पावले आपोआप मोटारीच्या पेटीकडे वळतात.

त्या पेटीबद्दल दोन शब्द. 2024 साली राज्य सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत विजेची योजना आणली, तेव्हापासून "बिल तर येतच नाही, दोन रॉड जाळले म्हणून काय बिघडतंय?" हे वाक्य आमच्या कानांवर वारंवार येते. बिघडते ते असे की ती वीज पंपासाठी मंजूर आहे. दुसऱ्या कामासाठी वापरली तर विद्युत कायदा 2003 च्या कलम 126 खाली तो अनधिकृत वापर ठरतो. आकारणी दुप्पट दराने होते, आणि वापर कधीपासून चालला हे ठरवता आले नाही तर मागच्या 12 महिन्यांची होते. आकडा टाकणाऱ्याला तर कलम 135, म्हणजे सरळ चोरी. आणि कायदा बाजूला ठेवला तरी दोन फेजमध्ये 400 ते 415 व्होल्ट असतात. 230 चे मशीन तिथे अडकवले तर पहिल्याच ठिणगीला त्याचा धूर निघतो.

आता अर्थिंग. इथे एक गैरसमज इतका पक्का बसला आहे की भल्या भल्या कारागिरांकडूनही तो ऐकायला मिळतो. "अर्थ लावलाय की," म्हणून ते ट्रॉलीला चावा घेऊन बसलेला क्लॅम्प दाखवतात. तो अर्थ नव्हे! ती वेल्डिंगचा करंट परत नेणारी वायर आहे. मशीनच्या बॉडीत मेनची फेज उतरली तर तो क्लॅम्प काहीही वाचवत नाही. वाचवते ती पिनेची तिसरी, हिरवी वायर, आणि नेमकी तीच आपल्याकडे पिनेपाशी कापून मागे दुमडलेली असते.

बरे, हिरवी वायर जोडली, अडीच मीटरचा पाईप मीठ-कोळसा घालून पुरला, उन्हाळ्यात त्यावर पाणीही ओतले. तरी तेवढ्याने भागत नाही. समजा अर्थिंग उत्तम आहे, विरोध फक्त 5 ओहम. बॉडीत फेज उतरली तर 230 भागिले 5, म्हणजे फार तर 46 अँपिअर जमिनीत जातील. 32 चा सी-कर्व्हचा एम.सी.बी. झटक्यात पडायला निदान 160 लागतात. 46 वर तो बराच वेळ तसाच उभा राहतो, आणि तोवर मशीनची बॉडी, शेडचा लोखंडी खांब आणि त्याच खांबाला दावे बांधलेली म्हैस, सगळ्यांत वीज असते. घामेजलेला, ओल्या जमिनीवर अनवाणी उभा असलेला माणूस तिथे किती वेळ टिकेल? यासाठी 30 मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. त्या लाईनवर हवाच हवा. जमिनीकडे एवढीशी गळती झाली तरी तो डोळ्याची पापणी लवायच्या आत लाईन तोडतो. मात्र तो एम.सी.बी.च्या जागी नव्हे, त्याच्या जोडीने लावायचा असतो.

"आमच्याकडे बसवला होता, पण सारखा पडायचा म्हणून काढून टाकला," असेही सांगणारे भेटतात. तो विनाकारण पडत नाही. एक तर कुठेतरी खरोखर गळती असते, नाहीतर वायरमनने न्यूट्रल दुसऱ्या लाईनवरून उसना घेतलेला असतो किंवा पुढे कुठेतरी अर्थला बांधलेला असतो. दोष शोधायचा सोडून पहारेकरीच हाकलून द्यायचा, हा कुठला न्याय? त्यावर एक 'टेस्ट' असे लिहिलेले बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. दाबल्यावर पडला नाही तर तो बदलावा.

हे सारे सभासदाने एकट्याने करावे असे म्हणून आम्ही मोकळे होणार नाही. मशीनसाठी पतसंस्थेतून उचल मिळते, पण ती मशीनच्या बिलापुरतीच. केबल, सॉकेट, आर.सी.सी.बी. यांचे बिल वेगळे पडते आणि ते पाहून कपाळाला आठ्या पडतात, म्हणून तेच वगळले जाते. आमचे मत असे की उचल देताना मशीन आणि लाईन मिळून एकच अंदाजपत्रक धरावे आणि वायरमनची चाचणीची पावती जोडल्याशिवाय रक्कम सोडू नये. ऊसबिलातून हप्ते कापायचेच आहेत, तर एखादा हप्ता जास्त कापला म्हणून कोणी तक्रार करणार नाही. केलीच तर करू द्यावी.

दुसरे असे की आपल्या कारखान्याच्या वीज विभागाकडे अर्थिंग मोजण्याचे यंत्र आहे, आणि ते मोजणारी माणसेही आहेत. त्यांनी घरोघर वायरिंग करत हिंडावे असे आम्ही म्हणत नाही. पण गाळप बंद असताना प्रत्येक गट ऑफिसला दोन दिवस दिले, तर त्या गटातल्या शेडांची अर्थिंग तपासून आकडा सभासदाच्या हातात देता येईल. हा विषय येत्या वार्षिक सभेपुढे आला पाहिजे. ज्यांच्या वस्तीवर मशीन आहे त्यांनी त्याआधी गट ऑफिसात नाव, मीटरपासून शेडचे अंतर आणि आज कोणती वायर टाकली आहे, एवढे लिहून द्यावे. म्हणजे संचालक मंडळापुढे किती सभासदांचा प्रश्न आहे, ते आकड्यानिशी मांडता येईल.