नकाशावर जागा मांडा, माणसं नकोत!



पूर येतो, दरड कोसळते, आणि थोड्याच वेळात कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर नकाशाची लिंक टाकतं. कुठला रस्ता बंद, बोट कुठे, कुठल्या शाळेत जेवणाची सोय, सगळं लोकांनीच भरलेलं. हे काम मोलाचं आहे, आणि ते थांबवायला हे पत्रक काढलेलं नाही. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला, तेव्हा पोर्ट-ओ-प्रिन्स शहराचा धड नकाशा हाताशी नव्हता. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाच्या स्वयंसेवकांनी घरबसल्या, उपग्रहाची छायाचित्रं बघून त्या शहराच्या गल्ल्या रेखाटल्या आणि बचावपथकांनी तो नकाशा वापरला.

आता आपल्याकडच्या अशा नकाशावरची एक पिन उघडली तर काय दिसेल? ‘आजी एकट्याच, दुसरा मजला, मुलगा परगावी, औषधं संपली’, आणि खाली मोबाइल नंबर. लिहिणाऱ्याच्या मनात कळकळच असते. पण पाणी ओसरतं आणि पिन तशीच राहते. सहा महिन्यांनी ती कोण वाचणार? घरात दुसरं माणूस नाही, हे चोराला आपणच सांगून ठेवलं! २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत प्लाझ्मासाठी नंबर जाहीर केलेल्या मुलींना घाणेरडे फोन आले होते, हे इतक्यात विसरलो?

जपानमध्ये २००८ साली शिक्षकांनी गृहभेटींसाठी गूगलच्या नकाशावर विद्यार्थ्यांची नावं आणि घरं नोंदवली. नकाशा सर्वांसाठी खुला आहे, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. सेटिंग मुळातच तशी होती. त्याच देशात २०१९ मध्ये कुणीतरी राजपत्रात छापलेल्या दिवाळखोरांची नावं-पत्ते उचलून नकाशावर टाकले. माहिती आधीही जाहीरच होती. पण राजपत्र चाळणारे किती, आणि शेजारच्या घरावरची खूण बघणारे किती? सरकारी आयोगाला हस्तक्षेप करावा लागला, तेव्हा तो नकाशा बंद झाला.

‘नावं काढली की झालं’ असं म्हणणाऱ्यांनी स्ट्रावाचं उदाहरण बघावं. धावपटूंच्या या अ‍ॅपने निनावी नोंदींचा जागतिक नकाशा काढला. जानेवारी २०१८ मध्ये लक्षात आलं, की सैनिकांच्या रोजच्या धावण्यामुळे ओसाड प्रदेशातले लष्करी तळ त्यावर उजळून दिसताहेत.

कायदा आहे ना, असं म्हणून गप्प बसू नका. २०२३ चा आपला वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा माणसाने स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीला लागू होत नाही. आणि कायदा काहीही म्हणो, घाबरलेल्या माणसाने रात्री फॉर्ममध्ये भरलेला नंबर खुल्या नकाशावर चढवणं हा त्याचा विश्वासघात आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

म्हणून मंडळं, सोसायट्या आणि तरुण कार्यकर्त्यांकडे आमची मागणी आहे. खड्डा, तुंबलेलं गटार, बंद पूल, निवारा यांच्या पिना जरूर टाका. अडकलेल्या माणसांची यादी मात्र बचावकार्य करणाऱ्यांपुरतीच ठेवा आणि नकाशावर नंबर द्यायचा तो मदतकेंद्राचा. नकाशा काढतानाच तो कधी पुसायचा आणि कोणी, हेही ठरवा.

तुमच्या ग्रुपवर अशी जुनी लिंक पडून असेल तर आज रात्रीच उघडा. आत कुणाचं नाव, नंबर दिसला तर काढून टाका. तसा अधिकार तुमच्याकडे नसेल, तर नकाशा काढणाऱ्याला फोन करा आणि तो पुसेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.