दही डोक्याला की पोटाला?

दह्याइतका मान आपल्याकडे क्वचितच दुसऱ्या पदार्थाला मिळाला असेल. परीक्षेला निघालेल्याच्या हातावर दही पडते, परगावी जाणाऱ्याच्या हातावर दही पडते, देवाच्या पंचामृतात दही असते आणि गोपाळकाल्याला तर ते उंच टांगलेल्या हंडीत जाऊन बसते. एवढे लाड झाल्यावर ते एक दिवस आपल्या डोक्यावर चढणार हे ओघानेच आले! रविवारी सकाळी वाटीभर आंबट दही केसांना चोपडून, वर जुना टॉवेल गुंडाळून बसलेल्या मुली वसतिगृहात आणि घराघरांत दिसतात. मुलगेही मागे नाहीत. ते फक्त दार लावून घेतात, इतकेच.

या दह्याविषयी आपल्यात सरळसरळ दोन पक्ष आहेत. पहिल्या पक्षाला दही म्हणजे साक्षात अमृत वाटते. केस गळतात? दही लावा. कोंडा झाला? दही लावा. केस वाढत नाहीत, दुभंगतात, अकाली पिकतात? दही आहेच. दुसरा पक्ष स्वतःला आधुनिक समजतो. त्याच्या मते हा सारा गावंढळपणा. बाटलीतले, सुवासिक आणि महागडे तेवढेच खरे. माझे भांडण दोन्ही पक्षांशी आहे. कारण दोघेही एकच गोष्ट करतात, विचारल्याशिवाय विश्वास ठेवतात. एक आजीवर आणि दुसरा जाहिरातीवर.

प्रथम दह्याच्या पदरात त्याचे योग्य माप टाकू. केसाचे मूळ तेवढे जिवंत असते. त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो. तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असून त्याच्यावर कौलारू छपरासारखे एकावर एक सूक्ष्म खवले बसवलेले असतात. ही कौले नीट बसलेली असली की केस मऊ लागतो, चमकतो. अल्कधर्मी पदार्थाने केस फुगतो, कौले उचकटतात आणि केस एकमेकांत अडकू लागतात. अंगाच्या साबणाचा सामू ९ ते १० च्या घरात असतो. दह्यात विरजणातल्या जिवाणूंनी दुधातील साखरेपासून बनवलेले लॅक्टिक आम्ल असते आणि त्याचा सामू साधारण ४ ते ४.५ असतो. हे सौम्य आम्ल उचकटलेली कौले पुन्हा खाली बसवते आणि दह्यातला स्निग्धांश वरून पातळ लेप देतो. दही लावून धुतलेले केस मऊ लागतात हा भास नव्हे. ते खरोखरच मऊ होतात.

आणखी एक कारण आहे, आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे अनेक गावांत विहिरीचे, बोअरचे पाणी जड असते. जड पाण्यातील कॅल्शियमशी साबणाचा संयोग झाला की न विरघळणारा चिकट साका तयार होतो. तोच बादलीच्या कडेला बसतो आणि तोच केसांत बसतो. मग केस राठ होतात, फणी चालत नाही. अशा वेळी दही, ताक, लिंबाचे पाणी असे काहीही आंबट केसांवरून फिरले की तो साका सुटतो. शिकेकाई आणि रिठ्यांची जागा साबणाच्या वडीने घेतली, त्या काळात ज्या बायकांनी केसांना दही लावले, त्यांना रसायनशास्त्र ठाऊक नसेल; पण त्यांनी रोगाला नेमके औषध शोधले होते. त्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. मात्र आजच्या शाम्पूत साबण नसतो, त्याचा साका होत नाही. म्हणजे ज्या अडचणीसाठी दही पुढे आले ती अडचणच पुष्कळ ठिकाणी उरलेली नाही. उपाय राहिला, कारण विसरले गेले. आपल्या किती चालीरीतींची हीच कथा आहे!

येथपर्यंत दह्याचा खरा हिशेब झाला. यापुढे उधारी सुरू होते.

दह्यातील प्रथिनांनी केसांचे पोषण होते, असे सर्रास सांगितले जाते. निर्जीव वस्तूचे पोषण कसे व्हायचे? शिवाय दह्यातल्या प्रथिनांचे रेणू मोठे असतात. ते केसांत शिरून बसत नाहीत, वरच्यावर राहतात आणि पाण्याबरोबर मोरीत जातात. केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतो, तो मुळाशी वाढतो, आणि मुळाला अन्न रक्तातून मिळते, वाटीतून नव्हे.

केस गळण्याचे तर निराळेच. रोज ५० ते १०० केस गळणे हे स्वाभाविक आहे. मोठा ताप येऊन गेला, बाळंतपण झाले किंवा पोटाची आबाळ झाली, की दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळू लागतात आणि मूळ कारण दूर झाले असल्यास काही महिन्यांनी आपसूक थांबतात. नेमक्या त्याच दिवसांत कोणीतरी दही सुचवते. गळती थांबते आणि श्रेय दह्याच्या नावावर जमा होते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ! पण जिची गळती रक्तक्षयामुळे वा थायरॉइडच्या विकारामुळे आहे, जिच्या डोक्यात चाई पडली आहे, तिचे दह्यापायी सहा-सहा महिने वाया जातात. घरगुती उपायाचा खरा धोका अपाय हा नसून उशीर हा आहे.

कोंड्याचेही तसेच. डोक्याच्या त्वचेवरील तेलावर जगणारी मॅलॅसेझिया नावाची यीस्ट कोंड्याच्या मुळाशी असते. दह्याने खपल्या भिजून निघतात आणि दोन दिवस डोके स्वच्छ दिसते, एवढेच. तिसऱ्या दिवशी पांढरी रांगोळी पुन्हा खांद्यावर. त्यासाठी केटोकोनॅझोल किंवा झिंक पायरिथिऑन असलेला औषधी शाम्पू वापरणे हा साधा मार्ग आहे. दह्यात सोडा घालणे, निम्मे लिंबू पिळणे हे तर आपल्या हाताने कपाळमोक्ष करून घेणे. सोड्याने दह्याचा गुण नाहीसा होतो आणि लिंबाच्या तीव्र आम्लाने त्वचा झोंबते.

टक्कल आणि अकाली पिकणारे केस बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये, असा नियम आपल्याकडे आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या 'जे' अनुसूचीत या दोहोंचा समावेश आहे. म्हणजे औषध विकणाऱ्याला जे बोलायला बंदी, तेच मोबाईलच्या पडद्यावर कोणीही बिनदिक्कत बोलावे आणि आपण ते लिहून घ्यावे!

आता बाटलीवाल्यांकडे वळू. शाम्पू हा शब्द मुळात आपल्याकडच्या चंपीचा नातेवाईक. १७५९ साली पाटण्यास जन्मलेले शेख दीन महंमद यांनी इंग्लंडातील ब्रायटन येथे स्नानगृह काढून तेथील बड्या लोकांना चंपीची गोडी लावली आणि १८२२ साली त्यावर पुस्तकही लिहिले. पुढे त्या शब्दाचा अर्थ बदलला, तो बाटलीत बसला आणि आपल्याच घरी पाहुणा म्हणून परत आला. आज बाटलीवर दह्याचे, शिकेकाईचे, माक्याचे, जास्वंदीचे चित्र असते. आत त्या पदार्थाचा अंश किती, हे चित्र सांगत नाही. आजीचा बटवा आपण आधी अडगळीत टाकायचा आणि मग त्याचेच चित्र पैसे मोजून विकत आणायचे, याला आधुनिकता म्हणणे कठीण आहे.

पण या साऱ्याहून एक गंभीर प्रश्न आहे, आणि त्यासाठीच हा लेखनप्रपंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात पुरेसे रक्त नाही. महाराष्ट्रही फार मागे नाही. येथे हे प्रमाण ५४ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे आपल्या वर्गातील दर दोन मुलींपैकी एक. लांबसडक केसांची अपेक्षा समाज या मुलींकडूनच करतो आणि शेवटच्या पंगतीचे पानही त्यांच्याच वाट्याला येते. घरात सायीचे दही कोणाच्या ताटात पडते आणि तळाचे आंबट पाणी कोणाच्या, हे प्रत्येकाने आपापल्या घरी पाहावे. १०० ग्रॅम दह्यात सुमारे ३ ग्रॅम प्रथिने असतात. ती पोटात गेली तर निदान कामी येतात. दह्यात लोह नगण्य असते, म्हणून नुसते दही खाऊनही भागणार नाही. जोडीला डाळी, उसळी, पालेभाजी आणि वर लिंबाची फोड हवी, आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्याही. मुलीच्या केसांना काय लावावे याची चर्चा करणाऱ्या घराने ती सकाळी काय खाऊन कॉलेजला गेली, हे आधी विचारावे.

याच महाराष्ट्रात केसांत जट झाली की तो देवीचा कौल समजून फणी बंद करणारी घरे आहेत. मानेला ओझे होईपर्यंत बायका ती जट वागवतात. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी समजूत घालून अशा अनेक स्त्रियांना मोकळे केले आहे. केस न धुतल्याने, न विंचरल्याने गुंततात, या साध्या सत्याच्या अभावी जेथे माणसाचे आयुष्य बांधले जाते, तेथे केसांविषयी खरे बोलणे ही चैन उरत नाही. 'दह्याने टक्कल जाते' आणि 'जट ही देवीची' या दोन विधानांत अंतर फार आहे हे मान्य. पण दोन्ही ज्या सवयीवर पोसली जातात ती सवय एकच.

तेव्हा दही जरूर लावावे. घरचे, ताजे, पातळ केलेले लावावे. केसांच्या लांबीला लावावे. वीस-पंचवीस मिनिटांनी कोमट पाण्याने स्वच्छ धुवावे. रात्रभर ठेवल्याने गुण वाढत नाही, वास मात्र वाढतो. दुधाचे वावडे असेल किंवा डोक्यावर जखम असेल तर लावू नये. त्याच्याकडून मऊपणाची अपेक्षा करावी, चमत्काराची करू नये. आणि वाटीत एकच वाटीभर दही असेल, तर ते आधी ताटात वाढावे. डोक्यावर दही असायला हरकत नाही. डोक्याचे दही मात्र होऊ देऊ नये.