वैमानिकाचा पगार आणि घरावरचे कर्ज

भारतीय विमानतळ प्राधिकरणाने २०२१ साली हवाईप्रशिक्षण संस्थांसाठी पाच विमानतळांवर जागा दिल्या, त्यांत बेळगावचा सांबरा होता, तसेच जळगाव आणि कलबुर्गीही होती. पुढे २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदविली. एवढी विमाने येणार, तर ती चालविणारे तरुण लागणारच, असा हिशेब ज्या घरांत मुलगा किंवा मुलगी बारावीला पदार्थविज्ञान व गणित घेऊन बसली आहे, त्या घरांनी मांडला तर त्यांना दोष कोण देईल? हिशेबाची दिशा बरोबर आहे. चुकतो तो आकडा.

चुकतो तो असा. 'वैमानिकाला महिना सात-आठ लाख मिळतात' हे वाक्य आज चहाच्या टपरीवरही ऐकावयास मिळते. ते खोटे नाही. पण तो पगार अनुभवी कप्तानाचा आहे. नवा उमेदवार सहवैमानिक म्हणून लागतो. त्याला आरंभी प्रशिक्षणकाळात केवळ विद्यावेतन आणि नंतर साधारण दीड-दोन लाखांच्या घरातील वेतन मिळते. त्याचाही एक भाग उड्डाणाच्या तासांवर अवलंबून असतो. तास कमी भरले की पाकीट हलके होते. कप्तानपदासाठी लागणाऱ्या वरिष्ठ परवान्यास १५०० तासांचे उड्डाण आवश्यक आहे, आणि वर्षाला १००० तासांहून अधिक उडण्यास कायद्याची बंदी आहे. तास पुरे झाले तरी कंपनीत जागा रिकामी व्हावी लागते. म्हणजे त्या सात-आठ लाखांपर्यंत पोहोचण्यास पाच-सहा वर्षे, कित्येकदा त्याहून अधिक काळ लागतो.

आता दुसरी बाजू पाहू. व्यापारी वैमानिकाचा परवाना मिळविण्यास २०० तासांचे उड्डाण लागते, आणि त्याचा खर्च आज ५० लाखांच्या आसपास जातो. एवढ्यावर भागत नाही. एअरबस ३२० असो वा बोईंग ७३७, त्या त्या जातीच्या विमानासाठी स्वतंत्र पात्रता घ्यावी लागते, तिला टाईप रेटिंग म्हणतात. तिचेही काही लाख निराळे. उदाहरणादाखल ६० लाखांचे कर्ज ११ टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी काढले असे धरू. हप्ता दरमहा ८२ हजारांच्या वर जातो, आणि दहा वर्षांत बँकेच्या पदरात पडतात सुमारे ९९ लाख. नव्या सहवैमानिकाचा पगार पावणेदोन लाख धरला, तर प्राप्तिकर, भविष्यनिर्वाह निधी आणि हा हप्ता जाऊन हाती उरतात साठ-सत्तर हजार. त्यांतून मुंबई किंवा दिल्लीचे घरभाडे द्यावयाचे. उपासमार होणार नाही हे खरे. परंतु शेताचा उतारा तारण ठेवताना वडिलांच्या डोळ्यांपुढे जे चित्र होते, ते हे खचितच नव्हे.

आणि नोकरी तात्काळ लागली तरच हा हिशेब. परवाना हाती पडणे व नोकरी लागणे यांच्यामधला काळ फार महाग पडतो. वरच्या कर्जाचे नुसते व्याजच महिन्याला ५५ हजार होते. वर्षभर घरी बसावे लागले तर साडेसहा लाखांहून अधिक रक्कम काहीच न मिळविता गेली. नेमके याच वेळी कोणीतरी सल्ला देतो, 'टाईप रेटिंग स्वखर्चाने करून टाका, म्हणजे कंपन्या तुम्हांला आधी बोलावतील.' आमचे स्पष्ट मत आहे की, हाती लेखी नियुक्तीपत्र असल्याखेरीज या वाटेस जाऊ नये. एअरबसची पात्रता घेऊन बसलेल्या मुलासमोर बोईंगची भरती निघाली, तर ते लाखो रुपये कोणत्या खात्यात जमा धरावयाचे?

नोकरी लागल्यानंतरची शाश्वती तरी किती? किंगफिशर २०१२ मध्ये जमिनीवर आली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. तिन्ही वेळा वैमानिकांचे पगार आधी थकले आणि मग विमाने थांबली. २०२० च्या महामारीत तर वेतनकपात आणि बिनपगारी रजा जगभरच्या वैमानिकांच्या वाट्यास आल्या. कंपनी बुडते तेव्हा वैमानिकाची ज्येष्ठता बहुधा तिच्याबरोबरच बुडते. नव्या दारी रांगेच्या शेवटी उभे राहावे लागते. याउलट त्याला स्वतःला नोकरी सोडावयाची असेल, तर २०१७ च्या नियमानुसार सहवैमानिकाने सहा महिन्यांची आणि कप्तानाने वर्षाची पूर्वसूचना द्यावयाची असते. प्रवाशांची गैरसोय होऊ नये हा हेतू आम्ही जाणतो. पण तराजूचे एकच पारडे जड का, हे विचारण्याचा हक्क त्या तरुणास आहे.

पैशांत न मोजता येणारी एक किंमतही आहे, ती झोपेची. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२४ च्या जानेवारीत साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली, आणि रात्रीची अवतरणे सहावरून दोनवर आणण्याचे ठरविले. हे नियम नोव्हेंबर २०२५ पासून पुरतेपणी लागू होताच डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, आणि कंपनीस तात्पुरती सवलत द्यावी लागली. पावणेदोन वर्षांची मुदत मिळूनही ज्या धंद्याला आपल्या माणसांच्या विश्रांतीची तजवीज करता आली नाही, तेथे सणावाराला घरी येण्याची हमी नव्या मुलाने आईला न दिलेली बरी.

मुलांनी आकाशाकडे पाहूच नये, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. व्यवसाय मानाचा आहे, आणि जे टिकतात त्यांना तो पुढे चांगले दिवस दाखवितो. पण कंपनीला हवा असलेला कसबी माणूस घडविण्याचा जवळजवळ सगळा खर्च एका कुटुंबाने उचलावा, हे आम्हांस न्याय्य वाटत नाही. निदान प्रत्येक प्रशिक्षण संस्थेने मागील पाच वर्षांत किती जणांनी प्रवेश घेतला, किती जणांना परवाना मिळाला, किती महिन्यांनी नोकरी लागली आणि पहिले वेतन काय होते, हे आकडे प्रवेशअर्जाबरोबरच छापून द्यावेत, आणि महासंचालनालयाने ते तपासावेत. तोपर्यंत पालकांनी हे चारही प्रश्न पहिला हप्ता भरण्यापूर्वी संस्थेच्या कचेरीत उभे राहून विचारावेत, आणि उत्तर लेखी मागावे.