ठराव कोणाचा?

अकोला-अमरावतीकडं कितीतरी ग्रामसभा नुसत्या प्रोसिडिंग बुकात भरतात. शिपाई वही घेऊन घरोघरी फिरतो, सह्या-अंगठे होतात आणि ठराव 'सर्वानुमते' मंजूर! कागद मात्र चोख.

पण असा ठराव टिकेल का? प्रा. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते सामाईक जंगल-पाण्याचा कारभार लोक कसा चालवतात याच्या अभ्यासासाठी. नियम ठरवण्यात वापरणाऱ्यांचा हात असला, तर नियम टिकतो, हे त्यांनी दाखवलं. आपल्याकडचंच उदाहरण घ्या: अचलपूर तालुक्यातल्या पायविहीर गावाला २०१२मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. उजाड रान गावानं एकत्र बसून सावरलं, सीताफळंही एकत्रच विकली. सरकारी प्रशिक्षणापेक्षा हा धडा आम्हाला मोलाचा वाटतो.

वाचकहो, येत्या १ मेच्या ग्रामसभेला जा आणि गेल्या वर्षीच्या ठरावांचं काय झालं, ते विचारा.