प्रतिवादी क्रमांक एक

बेळगावचा विषय निघाला की भंडारा जिल्ह्यातील आपले पुष्कळ कार्यकर्ते कान पाडून बसतात. तुमसर कोठे आणि बेळगाव कोठे. धानाच्या भावासाठी झगडणाऱ्या शेतकऱ्याला त्या भांडणाचे काय, असा त्यांचा सवाल असतो. संबंध आहे, आणि तो एकाच कायद्याचा आहे. 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या सातव्या कलमाने चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात घातला. लगतच्या आठव्या कलमाने भंडाऱ्यासह विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आणले. फाजल अली आयोगाने तर विदर्भाचे स्वतंत्र राज्य सुचविले होते! त्यावर ना भंडाऱ्यात सार्वमत झाले, ना बेळगावात. घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे राज्य विधिमंडळाचे मत मागवावे लागते. ते मानण्याचे बंधन संसदेवर नाही.

महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात 131 व्या कलमाखाली जो दावा लावला, तो या प्रकाशात वाचला पाहिजे. तो कर्नाटकाविरुद्ध आहे असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्यातील पहिला प्रतिवादी भारत सरकार आहे, कर्नाटक दुसरा. आणि या पहिल्या प्रतिवादीने उत्तर काय दिले? 2010 साली त्याने न्यायालयास सांगितले की, हा प्रदेश म्हैसूरला देण्यात मनमानीही नव्हती आणि चूकही नव्हती. तेव्हा दिल्लीत आणि मुंबईत काँग्रेसचेच मुख्यमंत्री-पंतप्रधान होते. 2022 च्या डिसेंबरात दिल्ली, मुंबई आणि बंगळूर या तिन्ही ठिकाणी भारतीय जनता पक्ष सत्तेत होता. 14 तारखेला गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना समोर बसवून निकालापर्यंत दावे-प्रतिदावे न करण्याचे ठरविले. 22 ला कर्नाटकाने ठराव केला आणि 27 ला नागपुरात महाराष्ट्राने 865 गावांचा. केंद्राने मात्र आपली बाजू बदलल्याचे कोणी ऐकले नाही.

मधल्या काळात मार कोणी खाल्ला? हिरेबागेवाडीच्या नाक्याजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले, पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. दगड मारणारा आणि काळे फासणारा आपापल्या गावी वीर ठरला. ज्यांच्या गाड्या होत्या ते चालक दोन्हीकडचे कष्टकरी होते. अशा वीरांची बाजू आपण घेता कामा नये, मग ते मराठी का असेनात.

केंद्राला सीमेची काळजी नाही असे नव्हे. 11 ऑक्टोबर 2021 च्या एका अधिसूचनेने पंजाबात सीमा सुरक्षा दलाचे अधिकारक्षेत्र 15 किलोमीटरवरून 50 किलोमीटरवर नेण्यात आले. झडती, जप्ती व अटक यांचा अधिकार एवढ्या आतवर पोहोचल्यावर पंजाबलाही 131 व्या कलमाचाच दरवाजा ठोठवावा लागला. अधिकार घ्यावयाचा असतो तेव्हा एक अधिसूचना पुरते. बेळगावच्या रस्त्यावरील चालकाचे रक्षण करावयाचे असते तेव्हा मंत्र्यांची समिती निघते.

आपल्या बाजूचेही एक सांगितले पाहिजे. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर 1966 साली महाजन आयोग नेमला गेला, तो महाराष्ट्राच्या मागणीवरून. पुढच्या वर्षी अहवाल आला आणि तो नाकारला महाराष्ट्रानेच. कर्नाटक हे आजही ऐकविते, आणि त्याला तसा हक्क आहे. परंतु तो अहवाल स्वीकारला की फेटाळला, याचा निर्णय करणे केंद्राचे काम होते. ते त्याने टाळले.

1954 च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्याने समाजवादी अशोक मेहतांना लोकसभेत पाठविले. त्याच निवडणुकीत राखीव जागेवर डॉ. आंबेडकरांना पराभूत केले, म्हणजे 131 वे कलम ज्या घटनेत आहे तिच्या मसुदा समितीच्या अध्यक्षांना. ते शल्य जुने आहे. पण घटनेचा प्रश्न विचारण्याचा वारसा या मतदारसंघाला आहे हेही तितकेच खरे. खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या आणि सलगता या पाटसकर तत्त्वांवर 1959 साली संसदेने आंध्र व मद्रास यांची सीमा कायद्याने बदलली. भंडारा-गोंदियाच्या खासदाराने लोकसभेत उभे राहून एवढेच विचारावे, की तेव्हा जे तत्त्व चालले ते बेळगावला का चालत नाही, आणि केंद्र न्यायालयात 2010 चेच उत्तर धरून बसणार आहे काय?