भाकडकथा म्हणता? मग वेताळाला काय म्हणाल?

बडोदेकर मंडळी, आज जरा स्पष्टच लिहिते. राग आला तर येऊ द्या.

मागच्या महिन्यात आपल्याकडच्या एका मराठी वाचनालयाच्या बैठकीत मी सुचवलं, की मुलांसाठी तलवार आणि जादूच्या छोट्या कथांचं एक कपाट करूया. लगेच एक काका म्हणाले, "अहो ताई, असल्या भाकडकथा कशाला? संस्कार होतील असं काहीतरी ठेवा." सगळ्यांनी माना डोलावल्या. चहा आला, विषय संपला.

माझा संपलेला नाही.

माझी नात आठवीत आहे. शाळा इंग्रजी, मैत्रिणी गुजराती. मराठी छान बोलते, पण वाचायला बसली की दुसऱ्या पानावर जांभई. मी कौतुकानं 'मृत्युंजय' हातात दिलं. दोनदा दिलं, दोनदा परत आलं. हीच मुलगी रात्री पांघरुणात इंग्रजीतून कॉननच्या कथा वाचते!

म्हटलं, बघू तरी काय आहे. टेक्सासमधल्या एका लहान गावात राहणाऱ्या रॉबर्ट हॉवर्डची ही पहिली कॉनन कथा १९३२ साली 'वियर्ड टेल्स' मासिकात आली. राजा, कट, मांत्रिक, तलवार, आणि एका बैठकीत गोष्ट खलास. १९३४ मध्ये त्याच मासिकात बँकेत नोकरी करणाऱ्या सी. एल. मूर ह्या बाईंनी जिरेल आणली. चिलखत घालणारी, किल्ल्याची मालकीण. शत्रूवर सूड घ्यायला शस्त्र हवं म्हणून भुयारातून थेट पाताळात उतरते. नात म्हणाली, "आजी, मराठीत असं काही नाही का गं?"

नाही कसं? रात्रीचं स्मशान, हातात तलवार, खांद्यावर प्रेत आणि प्रेतात वेताळ! शेवटी राजाचाच बळी द्यायला टपलेला कपटी योगी, आणि त्याचंच मुंडकं उडवणारा विक्रम. कच-देवयानीत तर संजीवनी विद्येसाठी माणूस पुन्हा पुन्हा मरतो आणि जिवंत होतो. हे पुराणात असलं की संस्कार, आणि मासिकात आलं की भाकड? हा कुठला न्याय?

हॉवर्डच्या कथांत वर्णद्वेष आहे, बायकांना बाहुल्यांसारखं वागवलंय, हे मला दिसतं. ते नातीला मी समजावून सांगितलं. पण म्हणून कपाटाला कुलूप लावायचं?

मी स्वतः गुजराती शाळेत शिकले. मराठी वाचायला शिकले ती 'चांदोबा'वर. वाड्यात अंक आला की दादा विक्रम-वेताळ मोठ्यानं वाचायचा आणि ऐन रंगात मुद्दाम थांबायचा. पुढे काय झालं ह्या तळमळीनं मी एकेक अक्षर लावत गेले. संस्कारासाठी नव्हे हो! कादंबऱ्या खूप नंतर आल्या. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलाला आधी चार-पाच पानांत संपणारी, दम रोखून धरायला लावणारी गोष्ट लागते. पूर्ण वाचल्याचा आनंद एकदा मिळाला, की ते पुढचं पुस्तक आपणहून मागतं.

सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डनसाहेबांना बोलावून ह्या संस्थानात ग्रंथालयं उभारली. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरायच्या. म्हणजे पुस्तक वाचकाच्या दारी जायचं. आणि आपण? कपाटं भरलेली, खुर्च्या रिकाम्या, आणि वर तक्रार, की हल्लीची मुलं वाचत नाहीत!

मी माळ्यावरचं 'चांदोबा'चं गाठोडं खाली काढलंय. नातीनं तीन गोष्टी वाचल्या. अडखळत, पण शेवटपर्यंत. तुमच्याकडेही जुने अंक असतील तर कृपा करून रद्दीत घालू नका. पुढच्या बैठकीला घेऊन या. मी पुन्हा विषय काढणार आहे, आणि ह्या वेळी चहाच्या आधी.