थाई हॉटेल आणि आपले नखरे

आपल्या लोकांना परक्याच्या ताटातही आपलंच जेवण हवं असतं. हे माझं मत जुनंच आहे, पण गेल्या काही महिन्यांत ते पार पक्कं झालंय. कारण घराजवळ उघडलेलं एक थाई हॉटेल.

घर म्हणजे सनीवेल, कॅलिफोर्निया. इथे दर दुसऱ्या बिल्डिंगमध्ये आपल्याकडचा एखादा इंजिनियर सापडतो. त्यामुळे कुठलंही नवं हॉटेल उघडलं की व्हॉट्सॅप ग्रुपवर दोन दिवसांत निकाल जाहीर! या हॉटेलात वडील आत कढईपाशी, आई गल्ल्यावर, आणि कॉलेजात जाणारी मुलगी टेबलं सांभाळते. नोकर एकही नाही. आणि ग्रुपवरचा निकाल काय? "ठीक आहे. स्पायसी नाही. ऑथेंटिक नाही. महाग आहे."

बरं, एकेक मुद्दा घेऊ.

स्पायसी नाही म्हणे. मुलगी विचारते, किती तिखट हवं? आपण छाती फुगवून सांगतो, "इंडियन स्पायसी!" अरे, पण थाई जेवणात तिखट एकटं येतच नाही. चिंचेचं किंवा लिंबाचं आंबट, ताडगुळाचं गोड आणि फिश सॉसचं खारट यांच्याबरोबर ते तोलून येतं. चिंचगुळाच्या आमटीवर वाढलेल्या माणसाला हे समजवायला लागू नये. उद्या कोणी आमटी चाखून "यात मिरची कमी आहे, आणखी दोन चमचे घाला" म्हणालं तर आपल्या आया काय म्हणतील?

ऑथेंटिक नाही, हे तर फारच भारी. म्हणणारा कोण? तर चार रात्री-पाच दिवसांच्या पॅकेजमध्ये पटाया बघून आलेला. तोही हॉटेलच्या बुफेत पनीर शोधत. आणि ज्या पॅड थाईवरून हा सगळा निवाडा चालतो, ती तरी कुठे फार पुरातन आहे? १९३० च्या दशकाची अखेर आणि १९४० चं दशक, या काळात फिबुनसोंग्खराम यांच्या सरकारनं राष्ट्रवादाच्या भरात तिला राष्ट्रीय डिश म्हणून पुढे आणलं. सयामचं थायलंड झालं तेही त्यांच्याच काळात, १९३९ मध्ये. पुढे २००२ साली थाई सरकारनं परदेशात थाई हॉटेलं वाढावीत म्हणून 'ग्लोबल थाई' नावाची मोहीमच काढली. तेव्हा परदेशी गिऱ्हाइकाला झेपेल असा मेनू हा धोरणाचाच भाग होता. आणि हो, चॉपस्टिक मागून ऑथेंटिकपणा दाखवणाऱ्यांसाठी: थाई लोक भात चमच्यानं खातात, डाव्या हातात काटा धरून. चॉपस्टिक लागतात त्या मुख्यतः नूडल सूपला. :)

शाकाहारी मंडळींची अडचण मात्र खरी आहे. "व्हेज" सांगितलं तरी फिश सॉस पडू शकतो. पण त्यावर उपाय थाई भाषेतच आहे. "जे" असं सांगा. जे म्हणजे मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, कांदा-लसूणही नाही. साधारण आपल्या नवरात्राच्या आसपास फुकेतला नऊ दिवस हाच आहार पाळणारा मोठा उत्सव असतो. आपल्याला इतकं जवळचं काही तिथे आहे, पण विचारतो कोण? आपण थेट "नो फिश, एक्स्ट्रा चिली" म्हणून मोकळे.

आता खरं दुखणं. उघडल्यावर पहिले काही आठवडे या हॉटेलच्या भिंतीवर हातानं लिहिलेला एक कागद होता. छापील मेनूत नसलेले चार पदार्थ. त्यात खाव सोई होती, म्हणजे चियांग माईकडची नारळाच्या रश्श्यातली नूडल, वर कुरकुरीत तळलेल्या नूडल्स, बाजूला लोणच्याची मोहरीची पानं. मुंबईच्या लग्नांत बुफेला मिळते ती खाऊस्वे तिचीच बर्मी चुलतबहीण. क्रपाव होता, ज्यात चक्क आपली तुळस परततात. नेहमीचा थाई बेसिल नव्हे, अंगणातल्या वृंदावनातली तुळस! दोन महिन्यांत तो कागद उतरला. मुलीला विचारलं तर म्हणाली, "कोणी मागवतच नाही. उरलेलं रात्री आम्हीच खातो."

आता तिथे पॅड थाई, हिरवी करी, लाल करी आणि स्प्रिंग रोल. ग्रुपवर नवी तक्रार: "सगळी थाई हॉटेलं सारखीच असतात यार." वा रे वा! सारखी कोणी केली?

"पैसे आमचे, आवड आमची," असं यावर कोणीतरी म्हणणारच. कबूल. नावडलेलं खा असं मी म्हणत नाहीये. पण न चाखता नावडतं ठरवणं ही आवड नव्हे, आळस आहे. गोऱ्यानं "चाय टी" किंवा "नान ब्रेड" म्हटलं की आपला तिळपापड होतो. चिकन टिक्का मसाल्यावरून भारतीय जेवण जोखलं की आपण लांबलचक भाषण देतो. म्हणजे आपला तो बाब्या आणि थाई ते कार्टं?

राहिला महागाईचा मुद्दा. कॅलिफोर्नियाचं किमान वेतन २०२५ साली ताशी १६.५० डॉलर होतं, सनीवेलचं त्याहून जास्त. डिलिव्हरी ॲपच्या बड्या योजनेत कमिशन ३० टक्क्यांपर्यंत जातं. त्या कुटुंबाच्या हातात काय उरत असेल त्याचा हिशोब करा, एक्सेल येतंच सगळ्यांना. आणि हा हिशोब कोण घालतंय? पगारवाढीसाठी मॅनेजरशी तासभर वाद घालणारे आपण!

तेव्हा येत्या शनिवारी एक करा. ॲप बंद ठेवा, चालत जा, आणि मेनू न उघडता विचारा, "तुम्ही घरी काय खाता?" आवडलं तर पुढच्या वेळी आणखी चौघांना घेऊन जा. नाही आवडलं तर निदान खाऊन नावं ठेवल्याचं समाधान मिळेल. तो कागद परत भिंतीवर लावणं त्यांच्या हातात नाही, आपल्या हातात आहे.